दूध बंद केल्यावर पनीर-चीजच्या जागी काय? वनस्पतीजन्य पर्याय कसे निवडावेत

गेल्या उन्हाळ्यात लग्नसराईत सात वर्षांच्या एका मुलाला त्याचे आईवडील घाईघाईने दवाखान्यात घेऊन आले. ओठ सुजलेले, अंगभर पित्ताच्या गांधी उठलेल्या आणि श्वासाला घरघर. मुलाला दुधाची ॲलर्जी आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण पंगतीत मटर पनीर वाढताना कुणीतरी म्हणाले, "अहो, हे दुधाचं पनीर नाहीच, तेलाचं आहे. खाऊ द्या लेकराला." दोन फोडी पोटात गेल्या आणि पंधरा मिनिटांत हा प्रकार झाला. मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले, श्वास मोकळा झाला आणि पुढच्या देखरेखीसाठी त्याला नांदेडला पाठवले. मूल सुखरूप आहे.

त्या घरच्या लोकांनी निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही. "तेलाचे पनीर" म्हणजे "दूध नसलेले पनीर" असा त्यांचा समज होता आणि हा समज सगळीकडेच आहे. हिमायतनगर, हदगाव, भोकर, किनवट या भागातून येणाऱ्या रुग्णांना दूध बंद करायला सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टरसाहेब, मग पनीरच्या जागी काय खायचं?" त्याचे सविस्तर उत्तर या लेखात दिले आहे.

थोडक्यात सांगायचे तर

• दूध का बंद करायचे आहे, हे आधी नक्की करा. पर्याय त्यावर ठरतो.
• पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे "शाकाहारी". त्याचा अर्थ "दूध नाही" असा होत नाही.
• "ॲनालॉग पनीर" हा दुधाच्या ॲलर्जीवरचा पर्याय नाही.
• पर्याय निवडताना चवीइतकेच प्रथिने, कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्याकडे लक्ष द्या.
• एक वर्षाखालील बाळासाठी यातला कोणताही पर्याय आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही.

आधी कारण ओळखा

"मला दूध सोसत नाही" या एका वाक्यामागे अगदी वेगवेगळी कारणे असू शकतात.

१. लॅक्टोज न पचणे. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचा पाचक घटक तयार होतो. अनेकांमध्ये वय वाढते तसे त्याचे प्रमाण कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तेथील जंतू ती आंबवतात. त्यामुळे दूध पिल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगते, गुडगुडते, गॅस होतो आणि जुलाब लागतात. हा त्रासदायक प्रकार आहे, पण जिवावर बेतणारा नाही. जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर काही दिवस किंवा आठवडे असा तात्पुरता त्रासही होतो आणि आतडे बरे झाले की तो जातो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. पनीर करताना दूध नासवल्यावर निघणाऱ्या पाण्यात बहुतेक लॅक्टोज वाहून जाते. दह्या-ताकात जंतूंनी ते काही प्रमाणात आधीच पचवलेले असते. तुपात ते जवळजवळ नसते. म्हणून लॅक्टोज न पचणाऱ्या अनेकांना कपभर दूध सोसले नाही तरी पनीरच्या चार फोडी, वाटीभर ताक किंवा भाकरीवर तूप सहज चालते. अशा माणसाने पनीर पूर्ण बंद करून महागडे पर्याय शोधण्याची गरज नसते. किती सोसते ते थोडे थोडे खाऊन पाहावे.

२. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी. हा प्रकार लहान मुलांमध्ये जास्त दिसतो. येथे शरीराची प्रतिकारशक्ती दुधातील केसीन किंवा व्हे या प्रथिनांवर हल्ला करते. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणे, उलट्या, घरघर आणि क्वचित रक्तदाब कोसळणे अशी लक्षणे दिसतात. काही बाळांना शौचातून रक्त पडते. पनीर म्हणजे मुख्यतः केसीनच. म्हणून येथे पनीर, चीज, खवा, पेढा, दही, ताक, लोणी सर्व बंद. ॲलर्जी तीव्र असेल तर तूपही नको, कारण त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो. गाईचे दूध सोसत नसेल तर म्हशीचे किंवा शेळीचे द्या, हा सल्लाही धोक्याचा आहे. या दुधांतील प्रथिने एकमेकांशी खूप मिळतीजुळती असतात.

३. स्वतःच्या निवडीने दूध सोडणे. कोणी प्राण्यांविषयीच्या भूमिकेतून सोडतात, कोणी कोलेस्टेरॉलसाठी. येथे ॲलर्जीसारखा धोका नाही, पण दुधातून मिळणारे घटक दुसरीकडून मिळवावे लागतात.

४. भेसळीची भीती. नकली पनीरचा विषय मार्च २०२५ मध्ये राज्याच्या विधानसभेतही गाजला. तेव्हापासून "पनीरच सोडलं" म्हणणारे रुग्ण भेटतात. तुम्हाला दूध सोसत असेल तर विश्वासाच्या गवळ्याकडून दूध घेऊन घरीच लिंबाने नासवून पनीर करा. केवळ भीतीपोटी दुधावर काट मारू नका.

सर्दी, खोकला, दमा यांसाठी सरसकट दूध बंद करण्याची गरज नसते. ज्याला दूध घेतल्यावर खरोखर त्रास होतो त्याचीच गोष्ट वेगळी.

हिरवा ठिपका, व्हेगन चिन्ह आणि "ॲनालॉग"

आपल्या देशात चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी पदार्थ. दूध, लोणी, चीज, पनीर या सर्वांवर तो असतो. म्हणून दूध टाळणाऱ्याला या ठिपक्याचा काही उपयोग नाही.

२०२२ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, व्हेगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणले. त्यांचे चिन्ह वेगळे आहे: हिरव्या रंगातले इंग्रजी "व्ही" अक्षर, त्याला छोटे पान आणि खाली "व्हेगन" शब्द. हे चिन्ह असेल तर पदार्थात दूध किंवा प्राणिजन्य घटक वापरलेला नसतो. तरीही ॲलर्जी तीव्र असेल तर पाकिटावर "दुधाचा अंश असू शकतो" अशी सूचना आहे का ते पाहा. एकाच यंत्रावर दोन्ही प्रकारचे पदार्थ बनत असतील तर अंश मिसळू शकतो.

आता "ॲनालॉग पनीर". दुधातल्या महागड्या स्निग्धांशाच्या जागी पाम तेलासारखे वनस्पती तेल घालून, त्यात बऱ्याचदा दुधाची पावडर आणि स्टार्च मिसळून पनीरसारखा पदार्थ तयार करतात. पाकिटावर तसे स्पष्ट लिहून विकले तर तो बेकायदा नाही. खरे पनीर म्हणून विकला तर ती फसवणूक आहे. दुधातील घटक पूर्णपणे किंवा काही अंशी बदलले तरी पदार्थ ॲनालॉगच ठरतो. म्हणजे तेल घातले तरी दुधाची प्रथिने त्यात असू शकतात. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच घडले असावे.

पाकीट वाचताना तीन ठिकाणी नजर टाका.

• घटकांची यादी: जो घटक सर्वात जास्त, तो आधी लिहिलेला असतो. मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, केसीन, सोडियम केसीनेट, व्हे पावडर यांपैकी एकही शब्द दिसला तर त्यात दूध आहे. "नॉन-डेअरी" म्हणून मिळणाऱ्या क्रीममध्ये आणि चहा-कॉफीच्या पावडरमध्येही पुष्कळदा सोडियम केसीनेट असते.
• ॲलर्जीची सूचना: दूध, सोयाबीन, शेंगदाणा, काजू-बदाम यांसारखे कवचफळ आणि गहू यांचा उल्लेख पाकिटावर करणे बंधनकारक आहे.
• पोषणाचा तक्ता: १०० ग्रॅममध्ये प्रथिने किती, कॅल्शियम किती, मीठ म्हणजे सोडियम किती आणि संपृक्त चरबी किती.

सुटे विकले जाणारे पनीर आणि टोफू यांना पाकीटच नसते. ॲलर्जी असलेल्या माणसासाठी सुटा माल घेऊ नका.

पनीरमधून आपल्याला काय मिळत होते?

पर्याय निवडायचा तर मूळ पदार्थ काय देत होता ते माहीत हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १९ ग्रॅम प्रथिने आणि पावणेपाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रौढ माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची आहे. प्रथिनांची गरज ५५ किलो वजनाच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, तर ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. शिवाय शाकाहारी माणसाला बी-१२ मुख्यतः दुधातूनच मिळते. म्हणजे दूध बंद केले की या तीन जागा रिकाम्या होतात.

पर्याय एकेक करून पाहू

टोफू किंवा सोया पनीर. दिसायला आणि वापरायला पनीरच्या सर्वात जवळचा. कंपनीप्रमाणे आणि घट्टपणाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये बहुधा १० ते १७ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि चरबी पनीरपेक्षा कमी असते. कॅल्शियम मात्र गोठवायला काय वापरले त्यावर ठरते. यादीत "कॅल्शियम सल्फेट" लिहिले असेल तर कॅल्शियम चांगले मिळते. मॅग्नेशियम क्लोराइड, लिंबू किंवा व्हिनेगरने गोठवला असेल तर बरेच कमी. दोन पाकिटांतून निवडायचे असेल तर कॅल्शियम सल्फेटवाला घ्या.

टोफू नुसता खाल्ला तर फिका लागतो आणि "हे काय रबर दिलं" अशी तक्रार होते. फडक्यात दाबून पाणी काढा, फोडी करून हळद-मीठ-तिखट लावून पंधरा मिनिटे ठेवा आणि तव्यावर थोड्या तेलात परता. मग मटारच्या रश्श्यात घाला. कुस्करून केलेली भुर्जी तर घरात कोणाला ओळखूही येत नाही.

पाटवडी. पनीरच्या फोडींसाठी बाजारात जायचीच गरज नाही, हे आपल्या आयाबायांना पूर्वीपासून ठाऊक आहे. घट्ट पिठले शिजवून तेल लावलेल्या ताटात थापायचे, गार झाले की वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्यात सोडायच्या. हा संपूर्ण दूधविरहित पदार्थ आहे. १०० ग्रॅम बेसनात वीसेक ग्रॅम प्रथिने असतात. त्यात पाणी मिसळून वड्या होतात, म्हणून १०० ग्रॅम वडीत साधारण ७ ग्रॅम धरा. पनीरपेक्षा कमी आहे, पण सोबत वरण आणि भाकरी असेल तर जेवणाची प्रथिने भरून निघतात. सोयाबीन सोसत नाही अशांसाठी हा माझा पहिला सल्ला असतो. पिठल्यात दही किंवा ताक मात्र घालू नका.

सोयाबीनच्या वड्या. कोरड्या वड्यांत वजनाच्या जवळपास निम्मी प्रथिने असतात. २५-३० ग्रॅम कोरड्या वड्या एका माणसाला एका वेळी पुष्कळ झाल्या. गरम पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी फेकून भाजी करावी.

शेंगदाणे आणि काजू. भिजवलेले काजू वाटून दाट, मलईसारखा रस्सा होतो. त्यामुळे क्रीम आणि चीजची उणीव भासत नाही. काजूच्या जागी शेंगदाणा किंवा मगजबीही चालते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅम प्रथिने असतात. कॅल्शियम मात्र यातून फारसे मिळत नाही. उष्मांक भरपूर असल्याने वजन जास्त असलेल्यांनी प्रमाण सांभाळावे.

पाकीटबंद व्हेगन चीज. ऑनलाइन आणि मोठ्या शहरांत मिळते. मुलांच्या पिझ्झा-सँडविचसाठी पालक ते मागवतात. यातील बरेच प्रकार खोबरेल तेल आणि स्टार्च यांपासून बनतात. ते चीजसारखे वितळतात, पण प्रथिने अनेकदा १०० ग्रॅममध्ये एखादा ग्रॅम किंवा त्याहून कमी असतात. संपृक्त चरबी आणि मीठ मात्र भरपूर. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी ते रोज खाऊ नये. वाढदिवसाला एखादा तुकडा खाण्यास हरकत नाही. पण मुलाने चीज खाल्ले म्हणजे दुधाची भरपाई झाली, असे समजू नका. काजू किंवा सोयापासून केलेले प्रकार त्यातल्या त्यात बरे. तक्ता वाचून ठरवा.

बदाम, ओट, नारळ यांची "दुधे". यांत प्रथिने फार कमी असतात. साध्या दुधाच्या जवळपास प्रथिने फक्त सोया पेयात मिळतात. घ्यायचेच तर साखर न घातलेले आणि कॅल्शियम मिसळलेले सोया पेय घ्या. तळाशी कॅल्शियम बसते, म्हणून पिण्याआधी डबा चांगला हलवा.

घरच्या सोयाबीनचा टोफू, पण आधी हे वाचा

नांदेड-लातूर पट्ट्यात सोयाबीन घराघरात पिकते. लातूरच्या बाजार समितीतला भाव शेतकरी रोज पाहतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एमएयूएस-७१, एमएयूएस-१६२ असे वाण दिले. पण हे सोयाबीन तेल गिरणीला जाते आणि आपल्या ताटात क्वचितच येते. घरी टोफू करणे अवघड नाही. फक्त तीन गोष्टींची खबरदारी घ्या.

पहिली: पेरणीसाठी आणलेले किंवा उरलेले बियाणे कधीही खाऊ नका. त्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेले असते. लाल-गुलाबी रंग दिसो वा न दिसो, धुतल्यानेही ते खाण्यायोग्य होत नाही. खाण्याचे सोयाबीन वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवा. बुरशी लागलेले, काळपट दाणे वेचून टाका.

दुसरी: सोयाबीन कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाऊ नका. त्यात प्रथिने पचू न देणारे घटक असतात. ते उकळल्यावर निष्प्रभ होतात.

तिसरी: टोफू गोठवण्यासाठी शेतात टाकायचा जिप्सम किंवा बांधकामाचे प्लास्टर वापरू नका. तेही कॅल्शियम सल्फेटच असते हे खरे, पण ते खाण्याच्या प्रतीचे नसते.

कृती अशी. पाव किलो सोयाबीन धुऊन आठ तास भिजवा. उन्हाळ्यात मधे दोनदा पाणी बदला, नाहीतर आंबते. चोळून साले काढा. सगळे मिळून दोन लिटरच्या आसपास पाणी वापरून मिक्सरमध्ये बारीक वाटा आणि फडक्यातून गाळा. हे दूध मोठ्या पातेल्यात उकळा. फेस फार येतो, म्हणून जवळच थांबा. उकळी फुटल्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे ढवळत राहा. खाली उतरवून दोन-तीन मिनिटांनी, दोन-तीन मोठे चमचे लिंबाचा रस अर्धा कप पाण्यात मिसळून हळूहळू घाला. पाणी वेगळे झाले की फडक्यात बांधून वर वजन ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात टोफू तयार. उरलेला चोथा टाकू नका. थालीपिठाच्या पिठात मळून नीट खरपूस भाजा.

टोफू स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन-चार दिवसांत संपवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि वीजही जाते. वास बदलला किंवा बुळबुळीत लागला तर फेकून द्या.

कॅल्शियम आणि बी-१२ ची भरपाई

लिंबाने गोठवलेल्या घरच्या टोफूतून प्रथिने मिळाली, पण कॅल्शियम पुरेसे मिळाले नाही. ते इतर पदार्थांतून घ्यावे लागते. ज्वारीच्या भाकरीत ते फार कमी असते. सोपे मार्ग असे:

• नाचणी: आपल्याकडे पिकत नसली तरी दुकानात मिळते. ६० ग्रॅम पिठात सुमारे २१५ मिलिग्रॅम. ज्वारीच्या पिठात निम्मी मिसळून भाकरी होते.
• मेथी: १०० ग्रॅम पानांत सुमारे २७० मिलिग्रॅम. शेवग्याच्या पाल्यात त्याहून थोडे जास्त.
• तीळ: एक मोठा चमचा, म्हणजे १० ग्रॅम तिळात सव्वाशेच्या आसपास. भाजून, कुटून चटणी करा. अख्खे तीळ न चावता तसेच बाहेर पडतात.

दिवसभरात हे तिन्ही, सोबत वरण, मूठभर शेंगदाणे आणि लिंबाने गोठवलेला टोफू घेतला तर कॅल्शियम सातशे ते साडेसातशे मिलिग्रॅमपर्यंत जाते. कॅल्शियम सल्फेटवाला टोफू असेल तर हजाराच्या जवळ. धान्य-बियांतील कॅल्शियम सगळेच अंगी लागत नाही. म्हणून वाढत्या वयाची मुले, गर्भवती, बाळाला पाजणाऱ्या आया आणि पाळी गेलेल्या स्त्रिया यांना बहुधा गोळी लागते. किती आणि कोणती ते डॉक्टरांना विचारा. सरकारी दवाखान्यात गर्भवतींना कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी घेऊ नका.

बी-१२ साठी मात्र घरगुती उपाय नाही. टोफू, डाळी, पालेभाज्या यांपैकी कशातही ते भरवशाने मिळत नाही. दूध पूर्ण सोडलेल्या शाकाहारी माणसाला गोळी किंवा बी-१२ मिसळलेला पदार्थ घ्यावाच लागतो. हातापायांना मुंग्या, सतत थकवा, तोंड येणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली तर रक्त तपासून घ्या. दूध सोडल्यानंतर ही कमतरता दिसायला महिने किंवा वर्षे लागतात, म्हणून ती दुर्लक्षित राहते.

यांनी विशेष काळजी घ्यावी

एक वर्षाखालील बाळ: सोया पेय, बदामाचे दूध, नाचणीचे पाणी यांपैकी काहीही आईच्या दुधाऐवजी देऊ नका. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर आईचे दूध सुरू ठेवता येते. कधी कधी आईला स्वतःच्या आहारातून दूध वगळावे लागते. वरचे दूध लागणारच असेल तर ॲलर्जीसाठीचे खास फॉर्म्युला बालरोगतज्ज्ञच ठरवतील. काही बाळांना सोयाचीही ॲलर्जी असते.

थायरॉइडची गोळी घेणारे: सोया आणि कॅल्शियम या दोन्हींमुळे गोळी नीट शोषली जात नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या. कॅल्शियमची गोळी आणि सोयाचे पदार्थ चार तासांनी घ्या. टोफू नव्याने रोज सुरू केला असेल तर डॉक्टरांना सांगा.

मूत्रपिंडाचा आजार: प्रथिने, पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेले असते. त्यांना न विचारता टोफू, सोया वड्या किंवा काजू वाढवू नका.

दम्याचा पंप वापरणारे: कोरड्या पावडरच्या काही पंपांत लॅक्टोज असते आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचा सूक्ष्म अंश असू शकतो. लॅक्टोज न पचणाऱ्यांना त्याने काही होत नाही. पण दुधाची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पंप स्वतःहून बंद करू नका.

पंगतीत, यात्रेत आणि हॉटेलात

ॲलर्जी असलेल्या मुलाला खरा धोका घराबाहेर असतो. हॉटेलातल्या काजू ग्रेव्हीत मलई असते, नानमध्ये दही, भाजीवर लोणी. महाशिवरात्रीला आपल्या परमेश्वराच्या यात्रेत कोणी प्रेमाने पेढा हातावर ठेवतो, कोणी पंचामृत देतो. प्रसादाला नाही म्हणणे जड जाते. मुलाला खडीसाखर किंवा नारळाचा तुकडा द्या आणि नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. "थोड्याने काय होतं" हे वाक्य ॲलर्जीत लागू पडत नाही. उपवासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी तेलात केली तर मुलाला बिनघोर देता येते.

लग्नघरी आचाऱ्याला "दूध आहे का" एवढेच विचारू नका. "दुधाची पावडर, लोणी, मलई, दही, खवा यांतलं काही घातलं आहे का?" असे विचारा. खात्री नसेल तर मुलाचा डबा घरून न्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन खाल्ल्याने पुरुषांमध्ये बायकी बदल होतात का?
नाही. सोयातील आयसोफ्लेव्होन हे घटक स्त्री-हार्मोनसारखे दिसतात, पण त्यांचे काम खूप क्षीण असते. नेहमीच्या आहारातील प्रमाणाने पुरुषांच्या हार्मोनमध्ये बदल होत नाही, असे अभ्यासांत आढळले आहे.

लॅक्टोजचा त्रास आहे की नाही हे घरी कळेल का?
दोन आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करा, मग पुन्हा थोडे सुरू करा. बंद असताना त्रास थांबला आणि सुरू केल्यावर परत आला तर शक्यता मोठी आहे. मोठ्या शहरांत श्वासाची हायड्रोजन तपासणीही होते. पण पूर्वी अंगावर गांधी, सूज किंवा धाप असे काही झाले असेल तर हा प्रयोग घरी मुळीच करू नका.

मुलाची दुधाची ॲलर्जी जन्मभर राहते का?
बहुतेक मुलांची ती वाढत्या वयात जाते. पुन्हा दूध कधी आणि कसे सुरू करायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरवावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दूध किंवा दुधाचा पदार्थ खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वासाला त्रास, वारंवार उलट्या किंवा भोवळ, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या दवाखान्यात लगेच न्या. एकदा बरे वाटले तरी काही तासांनी त्रास परत येऊ शकतो, म्हणून डॉक्टर थांबवतात तेवढा वेळ थांबा.

वजन घटणे, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्त कमी होणे किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला पोटाचा त्रास ही लक्षणे असतील तर दुधावर खापर फोडू नका. त्यामागे दुसरा आजार असू शकतो.

येताना पाकीट सोबत आणा. दवाखान्यात बसून ते आपण मिळून वाचू. त्या मुलाची आई आता दुकानात उभी राहून प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचते आणि मुलाच्या डब्यात पाटवडी देते. मुलगा तिला "माझं पनीर" म्हणतो.

या लेखातील माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या आजारानुसार आणि चालू औषधांनुसार आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.